पळीभर तेलाचे ऋण

चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत पाटणादेवीचे स्थान आहे. नवरात्रात जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतून चंडिकादेवीच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागते. पावसाळ्यात शाळांच्या सहली येतात. मुले धबधबा पाहतात, जंगलात हिंडतात, डबे उघडतात आणि संध्याकाळी घरी परततात. याच पाटणच्या एका शिलालेखाने भास्कराचार्यांच्या घराण्याची साक्ष आठशे वर्षे जपून ठेवली, हे त्यांतील किती मुलांना सांगितले जाते? सोबत आलेल्या गणिताच्या शिक्षकांपैकी किती जणांना त्या शिलालेखातील मजकूर ठाऊक असतो? हा प्रश्न कोणा एका शाळेला विचारायचा नाही. तो अवघ्या खानदेशाला विचारायचा आहे.

शिलालेख इ.स. १२०७ चा आहे. मुंबईचे विख्यात धन्वंतरी आणि प्राच्यविद्यापंडित डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला आणि १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध झाली. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून सन्मानपूर्वक नेऊन आपल्या पंडितांचे प्रमुख केले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे राजा सिंघण याचे प्रमुख ज्योतिषी झाले. या चांगदेवांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी पाटण येथे मठ स्थापन केला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिले. भास्कराचार्यांच्या जन्मगावाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, ते असोत. मठ पाटणला होता आणि त्यात 'सिद्धांतशिरोमणी' शिकविला जात होता, एवढे तर दगडावर कोरलेले आहे.

या संस्कृत लेखाच्या अखेरीस काही ओळी तत्कालीन मराठीत आहेत. मठाचा खर्च कसा चालावा, याची व्यवस्था त्यांत सांगितली आहे. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो वाटा मिळत असे, तो मठाला देण्यात आला. गावात जितके घाणे चालतील, तितक्या घाण्यांमागे पळी-पळी तेल मठाला द्यावयाचे होते. राजाने जमीन दिली, असा दानलेख ठिकठिकाणी सापडतो. येथे तेली, व्यापारी आणि बाजारहाट करणारा सामान्य गिऱ्हाईक असे सर्व जण बीजगणिताच्या अध्ययनाचे आश्रयदाते होते. घाणा ओढणाऱ्या बैलाला यावत्तावत् म्हणजे काय हे ठाऊक नव्हते आणि त्याच्या धन्यालाही बहुधा नसावे. तरीही त्याच्या पळीभर तेलावर मठातील समई जळत होती.

त्या समईच्या उजेडात जे शिकविले जात होते, त्याचा एकच नमुना येथे तपासू. तो पाहिल्यावाचून अभिमान व्यर्थ आहे आणि टीकाही व्यर्थ आहे.

पाटणच्या मठातील एक उदाहरण

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. त्यांपैकी 'बीजगणिता'त 'मध्यमाहरण' नावाचे प्रकरण आहे. वर्गसमीकरणातील मधले पद नाहीसे करून ते सोडविण्याची रीत त्यात येते. त्याच प्रकरणात आचार्यांनी वर्गाच्या एक पायरी वर जाऊन घनाचे उदाहरण दिले आहे. त्याचा आशय असा: एका राशीला १२ ने गुणून त्यात त्या राशीचा घन मिळविला, तर येणारी संख्या त्या राशीच्या वर्गाची सहापट अधिक ३५ इतकी होते. ती राशी कोणती?

आचार्यांच्या लेखनपद्धतीत अव्यक्त राशीला 'यावत्तावत्' म्हणत आणि 'या' हे त्याचे आद्याक्षर लिहीत. आणखी अव्यक्ते आली तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे घेत. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. आजच्या शाळेतील पद्धतीने 'क्ष' घेतला तर हेच उदाहरण असे मांडता येईल:

क्ष-घन − ६ क्ष-वर्ग + १२ क्ष = ३५

आता दोन्ही बाजूंतून ८ वजा करा. उजवीकडे २७ राहिले. डावीकडे जे तयार झाले, तो (क्ष − २) या राशीचा पूर्ण घन आहे. २७ हा ३ चा घन. म्हणून क्ष − २ = ३ आणि क्ष = ५. पडताळा सोपा आहे. ५ चा घन १२५, त्यात ६० मिळविले की १८५. दुसरीकडे २५ ची सहापट १५०, त्यात ३५ मिळविले की १८५.

चार ओळींत उत्तर आले. त्या चार ओळींत विद्यार्थ्याला काय मिळाले? वर्ग पूर्ण करण्याची जी युक्ती त्याला ठाऊक होती, तीच घनाला लावता येते हे त्याला दिसले. समीकरण हा आकड्यांचा ढीग नसून त्याला आकार असतो, हे त्याला कळले. सुताराकडून आठ लाकडी ठोकळे करून घेतले तर हा आकार हातातही धरता येतो. ३ बाजूचा एक घन, ३ × ३ × २ मापाच्या तीन लाद्या, ३ × २ × २ मापाचे तीन दांडे आणि २ बाजूचा एक लहान घन. त्यांची घनफळे अनुक्रमे २७, ५४, ३६ आणि ८, एकूण १२५. आठही ठोकळे जुळविले की ५ बाजूचा एक घन उभा राहतो. नववीतील मुलाला समजणार नाही असे यात काहीही नाही.

आणि आजचा वर्ग

आता पाटणहून निघून जळगावच्या किंवा धुळ्याच्या कोणत्याही शिकवणी वर्गात जावे. महाराष्ट्राच्या नववीच्या अभ्यासक्रमात 'बहुपदी' हे प्रकरण आहे. त्यात संश्लेषक भागाकार आहे, शेष सिद्धांत आहे, अवयव सिद्धांत आहे. हे सर्व उत्तम गणित आहे आणि त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती त्याच्या शिकविण्याच्या तऱ्हेबद्दल.

फळ्यावर घन बहुपदी लिहिली जाते: क्ष-घन − ६ क्ष-वर्ग + १२ क्ष − ३५. मुलांना सांगितले जाते की शेवटच्या संख्येचे विभाजक काढा आणि एकेक टाकून पाहा. १ टाकला, उत्तर −२८ आले, सोडून द्या. ५ टाकला, शून्य आले. म्हणजे (क्ष − ५) हा अवयव. मग सहगुणक ओळीने मांडा आणि संश्लेषक भागाकार करा. १, −१, ७ मिळतात. दुसरा अवयव क्ष-वर्ग − क्ष + ७. याचे वास्तव संख्यांत आणखी अवयव पडत नाहीत. उत्तराखाली दोन रेघा मारा. पुढचे उदाहरण.

उत्तर बरोबर आले, गुणही मिळतील. मात्र एखाद्या चौकस मुलीने विचारावे, "सर, शेवटच्या संख्येचेच विभाजक का घ्यायचे? मधल्या संख्येचे का नाही?" बहुसंख्य वर्गांत याला एकच उत्तर मिळते: नियम आहे, लिहून घ्या.

वास्तविक हे कारण एका ओळीत सांगता येते आणि ते आचार्यांच्या मांडणीतच दडलेले आहे. डावीकडच्या तिन्ही पदांतून क्ष बाहेर काढला तर क्ष गुणिले (क्ष-वर्ग − ६ क्ष + १२) बरोबर ३५ असे होते. क्ष पूर्णांक असेल तर कंसही पूर्णांक असणार. दोन पूर्णांकांचा गुणाकार ३५ असेल तर त्यातील प्रत्येक जण ३५ चा विभाजक असलाच पाहिजे. संपले कारण. हे सांगायला एक मिनिट लागते. ते एक मिनिट आमच्या शिक्षणव्यवस्थेला परवडत नाही, कारण त्या मिनिटाला परीक्षेत गुण नाहीत.

कोणी म्हणेल, कारण नाही सांगितले म्हणून काय बिघडले? उत्तर तर येते ना? बिघडते ते पुढे. उजवीकडील ३५ च्या जागी १० लिहून पाहावे. क्ष-घन − ६ क्ष-वर्ग + १२ क्ष = १०. आता १० चे विभाजक टाकून पाहा. १ घातला तर डावी बाजू ७ येते, २ घातला तर ८, ५ घातला तर ३५, १० घातला तर ५२०. ऋण संख्या घातल्या तर डावी बाजूच ऋण होते. एकही विभाजक लागू पडत नाही. घोकलेला नियम येथे संपतो आणि विद्यार्थी 'अवयव पडत नाहीत' असे लिहून मोकळा होतो. ते उत्तर चूक आहे. मठातील विद्यार्थी मात्र ८ वजा करील, उजवीकडे २ राहतील आणि तो म्हणेल की राशी ही २ अधिक २ चे घनमूळ एवढी आहे. एकाला किल्ल्यांचा जुडगा दिला आहे आणि दुसऱ्याला कुलूप कसे चालते ते दाखविले आहे. जुडग्यातील किल्ली लागली नाही की पहिला दारातच बसून राहतो.

खानदेशातील हजारो घरांत आज हेच घडत आहे. शेतकरी, नोकरदार, लहान दुकानदार पोटाला चिमटा घेऊन मुलांच्या शिकवण्यांची फी भरतात. दहावीनंतर कोणी लातूरला पाठवितो, कोणी पुण्याला, कोणी थेट राजस्थानात कोट्याला. मुलगा हुशार असतो, मेहनती असतो. नववीत ८५ टक्के मिळविणारा हा मुलगा बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेत अडखळतो तेव्हा दोष त्याच्या बुद्धीला दिला जातो. त्याच्या बुद्धीला कामच कधी दिले गेले नव्हते, हे कोणी पाहत नाही. काही शिक्षक आजही कारणासह शिकवितात. त्यांच्यापुढे मस्तक नम्र व्हावे, असे त्यांचे काम आहे. परंतु व्यवस्था त्यांच्या बाजूने नाही.

उपहास करणारे आणि उदोउदो करणारे

भास्कराचार्यांचे नाव काढताच दोन प्रकारचे लोक पुढे येतात.

पहिले उपहास करणारे. यांच्या मते प्राचीन भारताचे गणित म्हणजे पाठांतराचे श्लोक आणि पंचांगाची आकडेमोड. या वृत्तीचे मूळ जुने आहे. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने आपले कुप्रसिद्ध टिपण लिहिले आणि संस्कृतातील अवघी ज्ञानसंपदा युरोपीय ग्रंथालयातील एका फळीपेक्षाही हलकी ठरविली. त्याआधी अठरा वर्षे, म्हणजे १८१७ साली, हेन्री टॉमस कोलब्रुक या इंग्रज विद्वानाने ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या गणिताचे इंग्रजी भाषांतर खुद्द लंडनमध्ये प्रसिद्ध केले होते. त्याही पूर्वी, १५८७ साली, अकबराच्या दरबारातील फैजीने 'लीलावती' फारसीत नेली होती आणि शाहजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रशिदी याने 'बीजगणिता'चे फारसी भाषांतर केले होते. ज्यांचा आपल्या परंपरेशी संबंध नव्हता, त्यांनी हे ग्रंथ वाचण्यासारखे मानले. मेकॉलेने वाचले नाहीत आणि निकाल दिला. त्याच्या मानसपुत्रांचीही रीत तीच आहे.

श्लोक होते म्हणून उपपत्ती नव्हती, हाही असाच न वाचता काढलेला निष्कर्ष. श्लोक स्मरणासाठी होते, कारणमीमांसा गुरुमुखातून आणि टीकाग्रंथांतून येत असे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या सुमारास 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहून नियमांच्या उपपत्ती दिल्या. मूळच्या विदर्भातील घराण्यातील कृष्ण दैवज्ञांनी इ.स. १६०० च्या आसपास 'बीजगणिता'वर तसेच काम केले. महाराष्ट्राच्या मातीत रुजलेली ही परंपरा महाराष्ट्रातील गणिताच्या पदवीधराला नावानेही ठाऊक नसावी, यासारखी आत्मविस्मृती दुसरी नाही.

दुसरे उदोउदो करणारे. हे आपलेच आहेत, म्हणून त्यांच्याशी अधिक स्पष्टपणे बोलले पाहिजे. जगातील प्रत्येक शोध आपल्याकडे आधीच लागला होता, असे सांगितल्याने पूर्वजांचा सन्मान होतो अशी त्यांची समजूत आहे. पुरीचे शंकराचार्य स्वामी भारती कृष्ण तीर्थ यांचा 'वैदिक गणित' हा ग्रंथ त्यांच्या निर्वाणानंतर १९६५ साली प्रसिद्ध झाला. घनसमीकरणासाठी घन पूर्ण करण्याची रीत त्यातही आहे. स्वामीजींची प्रतिभा असामान्य होती. तथापि त्यांची सोळा सूत्रे उपलब्ध वेदसंहितांत आढळत नाहीत आणि त्यांची भाषाशैलीच ती स्वामीजींची रचना असल्याचे सुचविते, हे त्या ग्रंथाच्या संपादकांनीच प्रास्ताविकात नमूद केले आहे. स्वामीजींचे श्रेय स्वामीजींना द्यावे. झटपट गुणाकाराच्या शिबिरांना टाळ्या मिळतात आणि खानदेशातील ज्या ग्रंथकाराचे नाव, काळ, कुळ आणि पीठ दगडावर कोरलेले आहे, त्याचे एक पानही कोणी उघडीत नाही, हा न्याय कोणता?

कोणत्याही घनसमीकरणाला लागू पडणारी सर्वसाधारण रीत भास्कराचार्यांनी शोधली नव्हती. इराणच्या उमर खय्यामने अकराव्या शतकाच्या अखेरीस वक्ररेषांच्या छेदाने घनसमीकरणांची भूमितीय उत्तरे काढली होती. बीजगणिती सूत्र सोळाव्या शतकात इटलीत सिद्ध झाले. देल फेरो, तार्ताग्लिया यांनी ते शोधले आणि कार्दानोने १५४५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कोकणात 'बुद्धिविलासिनी' लिहिली जात होती, तोच हा काळ. हे मान्य करण्यात कमीपणा कसला?

आचार्यांनी स्वतः हे लपविलेले नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे. घन किंवा वर्गवर्ग असलेल्या समीकरणात नेहमीची रीत चालेनाशी झाली तर उत्तर स्वबुद्धीने शोधावे, असे ते सरळ सांगतात. नंतर ते वर्गवर्गाचे उदाहरण देतात. एका राशीला २०० ने गुणून त्यात तिचा वर्ग मिळविला, त्या बेरजेची दुप्पट त्या राशीच्या वर्गवर्गातून वजा केली, तर ९,९९९ उरतात. ती राशी कोणती? समीकरण मांडून दोन्हीकडे क्षची ४०० पट आणि १ मिळविले तर डावी बाजू पूर्ण वर्ग होते, पण उजवीकडे वर्गमूळ निघत नाही. हा अडथळा आचार्य विद्यार्थ्याला मुद्दाम दाखवितात. मग क्ष-वर्गाची चौपटही दोन्हीकडे मिळवावी, म्हणजे डावीकडे (क्ष-वर्ग + १) चा आणि उजवीकडे (२ क्ष + १००) चा वर्ग होतो आणि उत्तर ११ येते. फसलेला प्रयत्न आधी दाखवून मग यशस्वी प्रयत्न दाखविणारा हा शिक्षक आहे. बुद्धी हेच खरे बीज, अशी त्याची धारणा आहे. अशा गुरूच्या नावाने अतिशयोक्ती करणे हा गुरुद्रोह होय.

खरी गोष्ट अतिशयोक्तीपेक्षा अधिक सुंदर असते. क्ष-घन − ६ क्ष-वर्ग + ११ क्ष − ६ ही बहुपदी घ्यावी. येथे घन नेमका पूर्ण होत नाही. तरीही (क्ष − २) ला 'य' मानून लिहिले तर सारे आवरून य-घन − य एवढेच उरते. त्याचे अवयव य, य − १ आणि य + १. म्हणजे मूळ बहुपदीचे अवयव क्ष − २, क्ष − ३ आणि क्ष − १. राशी थोडी सरकवून वर्गाचे पद नाहीसे करणे ही कार्दानोच्या रीतीचीही पहिली पायरी आहे. इटलीने ती पाटणहून नेली, असा पुरावा नाही आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. सत्याच्या शोधात निघालेले दोन प्रवासी एकाच वाटेवर भेटले, एवढे पुरेसे आहे. खानदेशातील मुलाने यांतील एका प्रवाशाला आपल्या गावचा म्हणून ओळखावे, इतकीच अपेक्षा.

सबबी पुरेत

यावर ठराविक सबबी पुढे येतील. अभ्यासक्रमात नाही, वेळ नाही, साहित्य नाही.

अभ्यासक्रमाची सबब आता चालणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला शिक्षणात स्थान दिले आहे. भीती वेगळीच आहे. या परंपरेचेही एक प्रकरण होईल, प्रकरणाखाली रिकाम्या जागा भरायला येतील आणि 'भास्कराचार्यांचा जन्म सन ---- मध्ये झाला' एवढे पाठ करून मुले दोन गुण मिळवितील. तसे झाले तर मेकॉलेचा विजय झाला असे समजावे. आचार्यांचे चरित्र घोकून घेणे आणि त्यांच्या पद्धतीचा वर्गात खून करणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात.

वेळेची सबब त्याहून पोकळ आहे. घन पूर्ण करण्याचे एक उदाहरण आणि ठोकळ्यांचा एक प्रयोग यांना दोन तास पुरतात. तेवढ्यात विस्तारसूत्र, अवयव सिद्धांत आणि घनमूळ यांची गाठ मुलाच्या मनात एकदाच आणि कायमची बसते. पुढे वाचलेला वेळ मोजला तर हा व्यवहार फायद्याचा आहे, हे खानदेशातील व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

साहित्य नाही म्हणणाऱ्यांनी ग्रंथालयांची धूळ झटकावी. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास' १८९६ सालीच मराठीत लिहून ठेवला. ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' मराठीत आहे. धुळ्याने तर दिशा कधीचीच दाखविली आहे. गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि अडगळींतून कागद गोळा करणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला. त्यांचा संग्रह जपणारे राजवाडे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. समर्थ वाङ्मयाची हस्तलिखिते जपणारे समर्थ वाग्देवता मंदिर धुळ्यात आहे. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. साधने आहेत, संस्था आहेत. शाळेतील संस्कृतचा शिक्षक आणि गणिताचा शिक्षक यांनी महिन्यातून एकदा एका बाकावर बसून 'बीजगणिता'चे एक उदाहरण सोडवावे, एवढी इच्छा मात्र दिसत नाही. या दोघांना एकत्र आणायला कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही.

काम येथूनच सुरू होते आणि ते कार्यकर्त्यांचे आहे. पाटणादेवीला जाणाऱ्या प्रत्येक सहलीत एक तास शिलालेखासाठी आणि एका उदाहरणासाठी राखता येईल. डब्यांबरोबर आठ लाकडी ठोकळे नेता येतील. गुणवंतांच्या सत्कारात शाल-श्रीफळाऐवजी 'लीलावती'ची मराठी प्रत देता येईल. पालकांनी शिकवणी वर्गाच्या दारात फी भरताना एकच प्रश्न विचारावा: येथे नियमाचे कारण सांगितले जाते काय? शंभर पालकांनी हा प्रश्न विचारला तर शिकवणीवाल्यांना उत्तर तयार ठेवावे लागेल. बाजाराची भाषा बाजाराला समजते.

अखेरीस पुन्हा त्या मराठी ओळींकडे वळावे लागते. आठशे वर्षांपूर्वीचे पाटण आजच्या जळगाव-धुळ्याहून श्रीमंत नव्हते. तेव्हा डाळ मिल नव्हत्या, सराफांच्या झगमगत्या पेढ्या नव्हत्या, रावेर-यावलची केळी ट्रक भरभरून दिल्लीला जात नव्हती. बैलघाणे होते आणि आठवडी पेठ होती. त्या समाजाने घाण्यामागे पळीभर तेल बाजूला काढले आणि त्यावर बीजगणिताचा मठ चालविला. आजच्या समाजाने आचार्यांची जयंती साजरी केली, भाषणे केली, फलक लावले. मठ मात्र उजाड आहे आणि त्या मठाचा वारस असलेला नववीतील मुलगा शेवटच्या संख्येचे विभाजक टाकून पाहत बसला आहे, का ते न कळता.

त्याला ते 'का' सांगणे, हेच भास्कराचार्यांचे खरे स्मारक. त्यासाठी आपल्या घाण्यातील पळीभर तेल आज कोण काढून देणार?